मुलांचा पंप मैदानावर मुलांच्या हाताशी असू द्या : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : दमा असलेल्या बालखेळाडूंसाठी मैदानावरील लेखी नियम आणि प्रशिक्षकांचे प्रशिक्षण.

माननीय मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मी पुण्यात राहते. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, सातवीत शिकते आणि चौथीपासून खो-खो खेळते. तिला दमा आहे. हे असे सरळ सांगायला आमच्या घरालाच तीन वर्षे लागली. सुरुवातीला डॉक्टर 'बाळदमा' म्हणाले, नातेवाइकांनी 'ॲलर्जी आहे एवढेच सांगा' असे सुचवले, आणि मुलीच्या जातीला हे नाव चिकटले तर पुढे लग्नाच्या वेळी अडेल, अशी काळजी घरातल्या मोठ्या माणसांना वाटत राहिली. ती काळजी आम्ही बाजूला ठेवली, औषधे नियमित सुरू केली, आणि मुलगी खेळू लागली. आता अडचण घरात नाही, मैदानावर आहे, आणि ती दूर करणे आपल्या हाती आहे, म्हणून हे पत्र.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. सकाळी साडेसहाचा सराव होता आणि हवेत चांगलाच गारठा होता. पूर्वी एकदा मोबाइल चोरीला गेल्यामुळे मुलांच्या पिशव्या शेजारच्या खोलीत ठेवून कुलूप लावायचे, असा तिथला नियम आहे. श्वासावाटे औषध घ्यायचा तिचा पंप (इनहेलर) पिशवीत होता, पिशवी खोलीत होती आणि खोलीची किल्ली सरांच्या खिशात होती. पहिला डाव संपल्यावर मुलीला छाती आवळल्यासारखी वाटू लागली, म्हणून तिने किल्ली मागितली. सर म्हणाले, "पंपाची सवय लावून घेऊ नकोस. मैदानाला दोन फेऱ्या मार, दम आपोआप मोकळा होईल." तिने फेऱ्या मारल्या. सरांचा शब्द मोडायचा नाही, हे आम्हीच तिला शिकवले होते.

साडेसातला मी तिला आणायला पोहोचले तेव्हा ती पायरीवर बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे कानांपर्यंत चढलेले, आणि प्रत्येक श्वासाला गळ्याखालची खळगी आत ओढली जात होती. काय झाले, असे विचारल्यावर एका श्वासात तिला "आई" एवढेच म्हणता आले आणि दुसऱ्या श्वासात "किल्ली". मी कुलूप उघडून घेतले, पंपाला स्पेसर, म्हणजे फवारा नीट आत ओढता यावा म्हणून जोडायची पोकळ नळी, लावून एकेक फवारा दिला, आणि ती खळगी भरून येईपर्यंत तिच्या गळ्याकडे पाहत बसले. त्यानंतरचे दोन तास दवाखान्यात गेले. ती वाचली, बरी झाली, आठवड्याने पुन्हा मैदानावरही गेली. पण किल्ली आणखी अर्धा तास मिळाली नसती तर काय झाले असते, हे मी आजही मनाशी पुरते बोलू शकत नाही.

त्या सरांचे किंवा संस्थेचे नाव मी इथे लिहीत नाही. हे सर पहाटे साडेपाचला मैदानावर येतात, तुटपुंज्या मानधनावर काम करतात, आणि खांबावर सूर कसा मारायचा हे माझ्या मुलीला त्यांनीच शिकवले आहे. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. दमा म्हणजे नेमके काय, हे त्यांना त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत कोणी समजावून सांगितलेले नव्हते. फुटबॉल, जलतरण आणि ॲथलेटिक्स खेळणाऱ्या मुलांच्या पालकांशी मी बोलले, तेव्हा प्रत्येकाच्या तोंडून तीच वाक्ये ऐकायला मिळाली : 'नाटक करतो', 'स्टॅमिना नाही', 'इतके नाजूक असेल तर बुद्धिबळात घाला'. एकच चूक इतक्या मैदानांवर होत असेल, तर एका माणसाला जबाबदार धरून काही साधणार नाही.

मूल खोटे बोलते आहे असे प्रशिक्षकाला का वाटते, याचा मी बराच विचार केला, आणि डॉक्टरांशी बोलल्यावर त्याचे उत्तर मिळाले. साधी दमछाक धावताना होते आणि थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत उतरते. व्यायामाने येणाऱ्या दम्याचे वेळापत्रक वेगळे असते. जोरात खेळताना आपण तोंडाने श्वास घेतो, त्यामुळे नाकात ऊब आणि ओलावा न मिळालेली थंड, कोरडी हवा थेट श्वासनलिकांत जाते. त्यांच्या अस्तरातले पाणी उडते, आधीच सुजलेल्या त्या अस्तरातून नळ्या आवळणारी द्रव्ये सुटतात, आणि नळ्यांभोवतीचे स्नायू आकसतात. हा त्रास बहुधा खेळ थांबल्यानंतरच्या पाच ते पंधरा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि उतरायला अर्धा ते दीड तास लागू शकतो. म्हणजे जी मुलगी डावात व्यवस्थित पळत होती, ती बसायला सांगितल्यावर खोकू लागते. विश्रांतीत खोकला येतो आणि पुढच्या फेरीचे नाव काढले की मूल मान हलवते. पाहणाऱ्याला ते कामचुकारपणासारखेच दिसणार. आजाराची वेळच अशी आहे की ज्याला ती माहीत नाही, त्याच्या नजरेत मूल आपोआप खोटे ठरते. ही एक गोष्ट राज्यातल्या प्रत्येक क्रीडाशिक्षकाला समजली, तरी माझे निम्मे पत्र लिहायची गरज उरणार नाही.

दुसरा गैरसमज 'स्टिरॉइड' या शब्दाचा आहे. माझ्या मुलीला रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा जो पंप आहे, त्यात श्वासनलिकांची सूज उतरवणारे स्टिरॉइड असते आणि त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. शरीर कमावण्यासाठी जे ॲनाबॉलिक स्टिरॉइड चोरून घेतले जाते, त्याचा याच्याशी नावापलीकडे संबंध नाही. तरीही एका स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिला सांगण्यात आले, की पंप घरी ठेवून ये, उगाच डोपिंगचे लफडे नको. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, नियमांनुसार श्वासावाटे घेतलेले साल्ब्युटामॉल, म्हणजे तातडीच्या पंपातले श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध, २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि कोणत्याही ८ तासांत ६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. या तातडीच्या पंपाच्या एका फवाऱ्यात सहसा १०० मायक्रोग्रॅम असतात, त्यामुळे खेळापूर्वी घेतलेले दोन फवारे मर्यादेच्या कितीतरी आत राहतात. सूज उतरवणारी श्वासावाटेची स्टिरॉइडही नेहमीच्या उपचाराच्या मात्रेत चालतात. साल्ब्युटामॉलची गोळी किंवा पातळ औषध मात्र निषिद्ध आहे. आमच्याकडे तर अनेक घरांत पंप नको म्हणून मुलाला नेमके तेच पातळ औषध दिले जाते. वरच्या गटांत खेळू पाहणाऱ्या मुलांच्या दृष्टीने ही गोष्ट किती महत्त्वाची आहे, हे आपल्याला सांगायला नको.

या सगळ्यावर एक सोपी वाट लोक सुचवतात : मुलाचा खेळ बंद करा. शारीरिक शिक्षणाच्या तासातून सूट मिळावी म्हणून डॉक्टरांकडे प्रमाणपत्र मागणारे पालक मी पाहिले आहेत आणि त्यांची भीती मला समजते. आमच्या डॉक्टरांनी मात्र पहिल्याच भेटीत सांगितले, की दमा आटोक्यात असेल तर मुलीने खेळायलाच हवे. त्यांनी आधी दहा-पंधरा मिनिटे हळूहळू अंग गरम करायला, गारठ्यात नाकातोंडावर ओढणी किंवा मफलर घ्यायला आणि सरावाच्या पंधरा मिनिटे आधी पंप घ्यायला सांगितले. २००३ मध्ये लंडनला २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत मॅरेथॉन जिंकून पुढची सोळा वर्षे टिकलेला जागतिक विक्रम करणाऱ्या पॉला रॅडक्लिफ यांना शाळकरी वयापासून दमा आहे. ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके जिंकणाऱ्या जॅकी जॉयनर-कर्सी यांनाही तो होता. मुलीने या दोघींची छायाचित्रे कपाटाच्या दारावर आतून चिकटवली आहेत. बाहेरून का नाही, असे मी विचारले, तर म्हणाली, "मैत्रिणी आल्या की विचारतात." बारा वर्षांच्या मुलीने दमा लपवायला कुठे शिकावे, हा प्रश्न तेव्हापासून मला छळतो.

पुण्याचे म्हणून काही वेगळे प्रश्न आहेत. आपल्याकडे खो-खो आणि कबड्डी अजूनही बहुतेक ठिकाणी मातीवर खेळली जाते. जुने शिक्षक सरावाआधी मैदानावर पाणी मारून घेत. आता टँकर परवडत नाही किंवा तेवढा वेळ नसतो, आणि पाठलाग सुरू झाला की मुलांच्या गुडघ्यांच्या उंचीवर धुळीचा पट्टा उभा राहतो. खो मिळण्याची वाट पाहत पाटीत बसलेल्या मुलांची तोंडे नेमकी त्याच उंचीवर असतात. पावसाळ्यात ओल आणि बुरशी असते. मैदानांच्या कडेने माजणारे गाजर गवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, भारतात पहिल्यांदा डोळ्यांत भरण्याइतके दिसले ते १९५० च्या दशकात पुण्यातच, आणि त्याच्या परागकणांचा अनेकांना त्रास होतो. सभोवताली बांधकामांची धूळ आहेच. यातले सगळे आपण एका आदेशाने थांबवू शकणार नाही, हे मी जाणते. पण सरावाआधी मैदानावर पाणी मारणे आणि फुलोरा येण्याआधी गवत उपटणे एवढे मैदानाच्या देखभालीच्या अटींत नक्कीच घालता येईल.

आता माझ्या मागण्या. सर्वांत मोठी मागणी साधी आहे आणि तिला पैसा लागत नाही. दमा असलेल्या खेळाडूचा तातडीचा पंप सराव आणि सामना यांच्या संपूर्ण काळात त्याच्याजवळ किंवा मैदानाच्या रेषेवर, कुलपाबाहेर असला पाहिजे, आणि मुलाने तो मागितला तर कोणालाही नकार देता येणार नाही, असा लेखी आदेश आपण काढावा. पंप कधी घ्यायचा, हे मुलाने आणि त्याच्या डॉक्टरांनी ठरवावे. पंप घेतला म्हणून संघातून वगळणे, शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावणे किंवा सर्वांसमोर हिणवणे हा गैरवर्तनाचा प्रकार मानला जावा, हेही त्याच आदेशात असावे. नाहीतर मुले पंप जवळ असूनही घेणार नाहीत.

याच्या जोडीला शालेय स्पर्धांच्या प्रवेशअर्जात एक पान वाढवावे. त्यावर मुलाच्या डॉक्टरांनी मराठीत लिहावे, की याला त्रास कशाने होतो, खेळापूर्वी काय घ्यायचे, त्रास सुरू झाला तर किती फवारे किती अंतराने द्यायचे आणि १०८ ला केव्हा फोन करायचा. ते पान संघासोबत प्रवास करेल. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांच्या स्पर्धांसाठी जन्मतारखेचे पुरावे आपण इतक्या काटेकोरपणे तपासतो, त्यात हे एक पान जड होणार नाही.

प्रशिक्षकांसाठी अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण पुरे आहे, पण ते दर वर्षी व्हावे आणि बालरोगतज्ज्ञांनी प्रत्यक्ष पंप आणि स्पेसर हातात देऊन घ्यावे. मुलाला आडवे न झोपवता ताठ बसवायचे, एका वेळी एकच फवारा द्यायचा, त्याला एकटे सोडायचे नाही, ओठ निळसर दिसले किंवा वाक्य पुरे करता येत नसेल तर लगेच रुग्णवाहिका बोलवायची, हे त्यांच्या अंगवळणी पडायला हवे. याचा फायदा दुसऱ्या बाजूनेही होईल. ज्या मुलाला आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा तातडीचा पंप लागतो, त्याचा दमा आटोक्यात नसतो आणि त्याचे उपचार बदलावे लागतात. हे सगळ्यांत आधी मैदानावरच्या सरांच्या लक्षात येऊ शकते, कारण मूल सर्वाधिक जोराने श्वास घेते ते त्यांच्या डोळ्यांसमोर.

प्रथमोपचार पेटीत एक जादा पंप आणि स्पेसर ठेवण्याचा प्रश्न थोडा अवघड आहे, कारण हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळते. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१४ पासून कायद्यात बदल करून शाळांना आणीबाणीसाठी असा पंप बाळगण्याची मुभा देण्यात आली आहे. आपला विभाग आणि आरोग्य विभाग यांनी एकत्र बसून आपल्याकडे ते कसे करता येईल हे पाहावे. तोपर्यंत वरचे काही अडू नये.

आपल्या क्रीडा आयुक्तांचे कार्यालय आमच्याच शहरात, बालेवाडीत आहे. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभ्या राहिलेल्या त्याच संकुलात २००८ चे राष्ट्रकुल युवा खेळ आणि २०१९ चे खेलो इंडिया युवा खेळ झाले. तिथल्या मैदानांपासून हा आदेश लागू करावा आणि येत्या शालेय स्पर्धांच्या हंगामाआधी तो जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत प्रत्येक शाळेत पोहोचावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

मुलीसाठी मी कमरेला बांधायची एक कापडी पिशवी शिवली आहे. पंप त्यात बरोबर मावतो आणि सूर मारताना टोचू नये म्हणून ती पाठीकडे सरकवता येते. सरांना मी ती दाखवली, डॉक्टरांची चिठ्ठीही दिली. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि सामन्यात पंचांनी हरकत घेतली तर काय करायचे, असे विचारले. त्यांच्या त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, कारण ते फक्त आपल्या विभागाचा आदेश देऊ शकतो. आपल्या लेखी उत्तराची मी वाट पाहत आहे.

आपली विश्वासू,
एका खो-खो खेळाडूची आई,
पुणे

प्रत : मा. आयुक्त, क्रीडा व युवक सेवा, महाराष्ट्र राज्य, बालेवाडी, पुणे.