मा. सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुलं पत्र: मशिनी भंगारात जायच्या आधी

मंत्रीसाहेब, नमस्कार.

माझे मामा तंबू टॉकीजचे ऑपरेटर. सातारा-सांगलीकडच्या जत्रांमधून ट्रकवर मशीन घेऊन फिरले, मशीन म्हणजे प्रोजेक्टर, आमच्याकडे प्रोजेक्टर कुणी म्हणतच नाही. आज माझ्या घरामागच्या शेडमध्ये ३५ एमएमच्या दोन मशिनी, एक रिवाइंडर (रीळ परत गुंडाळायचं यंत्र), मशीनला उजेड देणाऱ्या कार्बनच्या कांड्या आणि ११ पेट्या रिळं आहेत, सगळं भंगारवाल्याकडून किलोच्या भावानं सोडवून आणलंय. थेटरं डिजिटल झाली तशी मशिनी लोखंड-पितळ म्हणून विकल्या गेल्या. डोळ्यादेखत.

साहेब, फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण मिळत नाही, 'आलम आरा'ची एकही प्रिंट उरली नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेटच्या, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मच्या, रिळांना आग लागली त्यात प्रभात फिल्म कंपनीचा केवढा ठेवा गेला. माझ्याकडची रिळं नायट्रेटची नाहीत, ॲसिटेटची आहेत, ती तशी पेटत नाहीत, पण डबा उघडला की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. म्हणजे फिल्म सडतेय, आणि तो वास शेजारच्या डब्यालाही बाधतो. याला थंड, कोरडी खोली लागते आणि माझ्याकडे पत्र्याचं शेड आहे. एप्रिलमध्ये मला झोप लागत नाही.

पुण्याचं फिल्म अर्काइव्ह १९६४ पासून चित्रपट जपतंय, त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण मशीन चालवणारा हात कोण जपणार? मशीनमध्ये जळणाऱ्या दोन कांड्यांमधलं अंतर काळ्या काचेतून बघत हातानं सारखं करत राहायचं, नाहीतर पडद्यावर अंधारी येते. रीळ संपत आलं की कोपऱ्यात ठिपका दिसतो, तो दिसला की दुसरी मशीन चालू, दुसऱ्या ठिपक्याला चेंजओव्हर, म्हणजे चित्र पहिल्या मशीनवरून दुसऱ्या मशीनवर घ्यायचं, आणि पब्लिकला कळताही कामा नये. हे वाचून येत नाही हो, शेजारी उभं राहून शिकावं लागतं, आणि शिकवणारे आता पंच्याहत्तरीच्या पुढे गेलेत.

एका सरकारी कार्यालयात गेलो होतो, अर्ज घेतला, पुढे काही नाही.

मागणी एवढीच की थेटर पाडायच्या परवानगीआधी तिथल्या मशीनरूमची नोंद व्हावी, आणि कोल्हापूरच्या चित्रनगरीत एक चालती मशीनरूम करावी, जिथे जुने ऑपरेटर मानधनावर पोरांना शिकवतील. माझ्या दोन्ही मशिनी मी फुकट देतो, मामांनाही घेऊन येतो.

कांड्यांना डीसी वीज देणारा रेक्टिफायर नुकताच दुरुस्त करून घेतलाय. तुमचा माणूस पाठवा, फक्त अंधार पडल्यावर पाठवा, म्हणजे मामा चालवून दाखवतील.

आपला,
एक रिळं जमवणारा, सातारा जिल्हा