मिरीची पुडी

ॲमस्टेलव्हेन, नेदरलँड्स,
शनिवार, रात्री

तीर्थरूप आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईने विचारलं, "किती पडले?" आणि मी म्हटलं, "फार नाही गं." ते खोटं होतं. फोनवर आकडा सांगायचा धीर झाला नाही, म्हणून हे पत्र. दोघांचे मिळून अडीचशे युरोंच्या वर गेले. बाबा रुपयांत हिशोब करतीलच, तेव्हा आधीच सांगतो: पंचवीस हजारांच्या जवळपास. एका जेवणाचे. लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून गेलो होतो, हे कारण पुरेसं आहे की नाही ते तुम्ही ठरवा.

जागा म्हणजे राइक्सम्युझियममधलं रेस्टॉरंट. राइक्सम्युझियम हे इथलं, ॲमस्टरडॅममधलं राष्ट्रीय संग्रहालय. लाल विटांची, मनोऱ्यांची ही इमारत १८८५ ची. तिच्या पोटातून एक बोगदा आरपार जातो आणि त्यातून लोक दिवसभर सायकली हाणत असतात. बाबा, तुम्ही इथे आलात की पहिले तिथेच उभे राहाल. वर जगप्रसिद्ध चित्रं आणि खाली माणसं सायकलला पिशवी लटकवून कामाला चाललेली. रेस्टॉरंटला बाहेरून वेगळं दार आहे, नुसतं जेवायचं असेल तर संग्रहालयाचं तिकीट लागत नाही. ते २०१४ मध्ये सुरू झालं आणि दोनेक वर्षांत त्याला मिशेलिनचा तारा मिळाला. मिशेलिन म्हणजे तीच टायरवाली कंपनी. तिचे लोक कोणाला न सांगता येऊन जेवतात आणि गुण देतात. टायर विकणाऱ्यांनी आमटीला गुण द्यायचे, हे मला अजून पटलेलं नाही.

आम्ही सकाळी आधी चित्रं बघितली. रेम्ब्राँचा 'नाइट वॉच' एवढा मोठा आहे की आपली माजघराची भिंतही त्याला पुरणार नाही. समोर गर्दी, सगळ्यांचे फोन वर. मी फार थांबलो नाही. व्हर्मीरची दूध ओतणारी बाई मात्र हात-दीड हाताचीसुद्धा नाही. टेबलावर पावाचे तुकडे आहेत, शिळ्या पावाची खीर करत असावी असं जाणकार म्हणतात. आई, शिळ्या चपात्या कुस्करून गुळाचे लाडू वळताना तुझा चेहरा असाच असतो. धार बारीक, डोळे भांड्यावर, दारात कोण आलं याची फिकीर नाही.

पण सांगायचं आहे ते वेगळंच. पीटर क्लास नावाच्या चित्रकाराचं १६२७ मधलं एक चित्र आहे. पांढऱ्या चादरीचं टेबल, त्यावर टर्कीचा मोठा 'पाय', म्हणजे पिठाच्या कवचात मांस भरून भाजतात तो पदार्थ. आपल्याकडे कोंबडा असतो तसा तो पक्षी, आणि त्याची पिसं पुन्हा त्या पदार्थावर खोचून ठेवलेली. शिंपल्याचा पेला, चिनी मातीचं भांडं, अर्धवट सोललेलं लिंबू. ताटलीत कालवं. हो आई, आपली कालवं, खडपावर बसून कोयतीने फोडतो तीच. आणि या सगळ्या श्रीमंतीच्या मधोमध कागदाची एक पुडी. छापील कागद सुरळी करून त्यात मिरी. तो कागद पंचांगासारख्या छापील पुस्तिकेचं पान आहे असं सांगतात.

बाबा, मी तिथेच उभा राहिलो. ही म्हणाली, "चला, टेबलाची वेळ झाली." मी म्हटलं, "थांब, बाबांचं दुकान आहे इथे."

जुन्या कालनिर्णयची पानं तुम्ही गल्ल्याखाली दाबून ठेवायचात. डिसेंबर संपला की मला तेच काम: महिने फाडायचे आणि चौकोन करायचे. मिरी, लवंग, जिरं, पाच-दहा रुपयांचं जे असेल ते तुम्ही बघता बघता त्या कागदात बांधायचात. एकदा एका गिऱ्हाइकाने पुडी परत आणून दिली होती, आठवतं? त्यावर संकष्टीची तारीख होती आणि तिला वाटलं कागद चुकून गेला.

चित्रातली मिरी बहुधा जावा-सुमात्राकडची असणार, त्या काळात डच तिथूनच भरपूर आणत. आपल्या वेंगुर्ल्यात त्यांनी वखार घातली ती या चित्रानंतर दहाएक वर्षांनी, गोव्याच्या पोर्तुगीजांना अडवून धरायला जवळचा तळ हवा म्हणून. शाळेतून आम्हाला डच वखार दाखवायला नेलं होतं तेव्हा मी फक्त भिंतीतून उगवलेला वड बघितला होता. ती बांधणाऱ्यांच्या घरचं जेवणाचं टेबल कसं दिसायचं ते आता कळलं. इथल्या भाषेत फार महाग वस्तूला 'पेपरद्यूर' म्हणतात, म्हणजे मिरीइतकं महाग. आज सुपरमार्केटात मिरी कोपऱ्यात पडून असते, शब्द मात्र राहिला. बिल आलं तेव्हा मला हाच शब्द आठवला.

आता जेवण. आईचा प्रश्न होता, "थंय जेवाक काय गावता?" बीट गावता! खरंच. तिथलं नावाजलेलं पक्वान्न म्हणजे बीट. कागदासारखे पातळ काप एकावर एक रचून, दाबून, चिरोट्याचे पदर सुटावेत तसे पदर केलेले. वर लोण्याचा पिवळसर सॉस, त्यात रॉटरडॅममध्ये बनणारा सोया सॉस. पहिला घास घेतला आणि ही हसायला लागली, कारण मी लहानपणी बीटाची कोशिंबीर ताटाखाली सारायचो हे आईने तिला सांगितलेलं आहे. शेफ योरिस बाइडेनडाइक याचं म्हणणं असं की इथल्या मातीत आणि समुद्रात जे पिकतं त्यावरच स्वयंपाक उभा करायचा. यात नवल ते काय, तुम्ही म्हणाल. पण इथली माणसं रोज दुपारी पावात चीज घालून थंडगार खातात, त्यांना हे सांगायला कोणीतरी लागतंच.

ताटल्या मोठ्या आणि पदार्थ मध्ये बोटभर. तरी घरी येऊन कुळथाची पिठी आणि भात खाल्ला असेल असं समजू नका. पोट भरलं होतं. पावाने ताटली पुसून खाल्ली, आणि वाढणारा मुलगा रागावला नाही, आणखी पाव घेऊन आला.

खर्चाचं वाईट वाटलं का? वाटलं. निम्मं जेवण होईपर्यंत वाटत होतं. मग बाबांचंच वाक्य आठवलं, की माल चांगला असेल तर भावाची घासाघीस करू नये. माल चांगला होता.

एप्रिलमध्ये तुम्ही येणार आहात, तेव्हा तिथे न्यायचं माझ्या मनात आहे. जेवायला नको म्हणालात तर मी हट्ट धरणार नाही, पण चित्राला नाही म्हणू नका. आईच्या गुडघ्यांची काळजी नको, लिफ्ट आहे आणि चाकांची खुर्ची फुकट मिळते. व्हिसाचे कागद एजंटकडे दिलेत का, ते कळवा. बाबांचे फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरच हवेत.

आणि बाबा, एक विचारायचं राहिलं. रेस्टॉरंटने पदार्थांची यादी छापलेला कागद घरी नेऊ दिला. रात्री तुमच्या नातीला दाखवायला म्हणून त्याची सुरळी करून मिरी भरली. तीन वेळा खालून सुटली, सगळी मिरी फरशीवर. खालचं टोक आधी मुडपायचं की भरल्यावर?

तुमचा,
बाळा