दोमिएची ती चित्रं किरकोळ नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत फ्रेंच व्यंगचित्रकार ओनोरे दोमिएवरचा लेख वाचला. फ्रान्सचा राजा लुई-फिलिपची 'गार्गांत्युआ' (जुन्या फ्रेंच कथेतला खादाड राक्षस) म्हणून थट्टा केल्याबद्दल १८३२ मध्ये त्याला तुरुंगात जावं लागलं, हे त्यात सविस्तर आहे. १८५३ सालच्या 'फ्लुइडोमॅनी' चित्रमालेची मात्र 'राजकीय चित्रांवर निर्बंध असताना केलेलं किरकोळ काम' अशी एका ओळीत बोळवण केली आहे. हे मला अजिबात पटलं नाही.

ही माला ज्या खुळावर आहे ते, म्हणजे नुसत्या हातांच्या स्पर्शाने टेबल फिरवण्याचं खूळ, त्या वर्षी पॅरिसच्या खात्यापित्या घरांत शिरलं होतं. १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या, मृतात्म्यांशी बोलल्याचा दावा करणाऱ्या फॉक्स बहिणींपासून सुरू झालेलं हे लोण पाच वर्षांत युरोपात पोचलं. मंडळी दिवाणखान्यात गोल बसत, पंजे टेबलावर पसरून करंगळीला करंगळी भिडवत आणि अंगातला 'फ्लुइड', म्हणजे अदृश्य प्रवाह, लाकडात उतरायची वाट बघत. देवऋष्याकडे जाणाऱ्या गरिबाला हसायला हिंमत लागत नाही. दोमिएने 'शारिव्हारी' या पॅरिसच्या व्यंगपत्रात शिकलीसवरली, कोट घालणारी माणसं काढली, म्हणजे तो अंक विकत घेणारीच.

त्याच वर्षी लंडनमध्ये शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने टेबलावर पुठ्ठे आणि त्यांच्यामध्ये फिरत्या कांड्या ठेवून, हाताचा नकळत पडणारा रेटा दाखवणारा काटा बसवला. हा काटा टेबलाभोवती बसलेल्यांच्या नजरेसमोर आला की टेबल हलायचं थांबे.

हा रेटा मी स्वतः अनुभवला आहे. काका गेले त्या वर्षी आमच्या वाड्यात प्लँचेट झालं. पाटावर खडूने अक्षरं, मधे उलटी वाटी, तिच्यावर माझंही बोट. मी ढकलत नव्हतो, तरी वाटी कुठे जाणार हे मला आधीच कळत होतं. काकू वाटीकडे टक लावून बसल्या होत्या. पुढे कला महाविद्यालयात दोमिएची ती माणसं पाहिली, तेव्हा मला काकूच आठवल्या. दोमिए त्या माणसांना हसतो, पण त्यांची आस पुसून टाकत नाही.

त्या महाविद्यालयातच मी शिळाछाप (लिथोग्राफी) शिकलो. तेलकट खडूची रेघ दगडावर एकदा उमटली की खोडरबर चालत नाही, दगड खरवडावा लागतो. अशा दगडांवर या माणसाने सुमारे चार हजार चित्रं केली. त्यातलं कोणतंही हात राखून केलेलं मला दिसलेलं नाही.

लेखासोबत या मालेतलं एकही चित्र नव्हतं. पुढच्या पुरवणीत एक तरी चित्र, खालच्या मजकुरासकट, निदान अर्धं पान देऊन छापावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सांगली