अनंत, दवणा आणि चिनी कावीळ

महोदय,

आपल्याकडे डोळे पिवळे दिसले की चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ ‘उतरवतात’. पाणी पिवळं झालं की घरचे निर्धास्त! चिनी वैद्य मात्र आधी पिवळ्याची छटा बघतो. संत्र्यासारखी लख्ख असेल तर ‘यांग’ कावीळ, म्हणजे उष्णता आणि ओलसरपणा. धुरकट, मळकट असेल तर ‘यिन’, म्हणजे थंडी आणि ओलसरपणा. यांग काविळीवर इ.स. 200च्या सुमारास चिनी वैद्य झांग झोंगजिंग यांनी सांगितलेला काढा आजही चालतो. त्यात यिनचेन (आपल्या दवण्याची चुलतबहीण), अनंताचं फळ आणि रेवाचिनी (एका वनस्पतीचं मूळ). आपल्या परसातला दुहेरी पाकळ्यांचा अनंत सहसा फळत नाही, ते बरंच आहे. नाहीतर हे वाचून कुणीतरी काढा उकळायला ठेवेल. रेवाचिनीने जुलाब होतात. यातल्याच दोन वनस्पती असलेलं एक इंजेक्शन नवजात बाळांना देण्यास खुद्द चीनच्या औषध नियामकाने मनाई केली आहे. छटा बघणं ठीक, पण पित्तनलिकेत अडकलेला खडा रंगावरून कळत नाही. त्याला रक्तातल्या बिलिरुबिनची (कावीळ आणणाऱ्या पिवळ्या रंगद्रव्याची) तपासणी आणि सोनोग्राफीच लागते.

– एक वाचक, सातारा