खाज थांबते, गजकर्ण वाढत राहते

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत पावसाळ्यातील त्वचाविकारांविषयी आलेला लेख वाचला. ओले कपडे अंगावर वाळू देऊ नयेत, जांघा आणि काखा कोरड्या ठेवाव्यात, हा त्यातील सल्ला योग्यच आहे. मात्र गजकर्ण झालेला माणूस आधी औषधाच्या दुकानात येतो आणि तिथे त्याच्या हाती काय पडते, याविषयी लेखात काहीच नव्हते. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी मी बावीस वर्षे औषधाचे दुकान चालवतो आहे. त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे.

मृगाचा पाऊस सुरू झाला की पंधरा दिवसांत दुकानात 'खाजेची ट्यूब द्या' असे म्हणणाऱ्यांची रीघ लागते. कुणी मोबाइलमधला खोक्याचा फोटो दाखवतो, तर कुणी चेपून चेपून सपाट झालेली जुनी ट्यूबच खिशातून काढून काउंटरवर ठेवतो. डॉक्टरांची चिठ्ठी क्वचितच असते. ट्यूबवर बारीक इंग्रजी अक्षरांत चार औषधांची नावे असतात, बहुतेक वेळा क्लोबेटासोल, ओफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल आणि टर्बिनाफिन. यांपैकी गजकर्णाच्या बुरशीवर काम करणारे औषध एकटे टर्बिनाफिन. ओफ्लॉक्सासिन हे जिवाणूंवरचे प्रतिजैविक, ऑर्निडाझोल हे काही विशिष्ट जिवाणू आणि एकपेशीय परजीवी यांच्यासाठीचे औषध. बुरशीशी दोघांचाही संबंध नाही. राहिले क्लोबेटासोल. त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडांमध्ये ते सर्वांत तीव्र गटात मोडते, आणि ट्यूबची सारी लोकप्रियता त्याच्यामुळेच आहे, कारण दुसऱ्याच दिवशी खाज आणि लाली कमी होते ती त्याने.

ही खाज आणि लाली म्हणजे शरीराने बुरशीविरुद्ध केलेला प्रतिकार असतो. स्टेरॉइड तो प्रतिकार दाबून टाकते आणि बुरशीला मोकळे रान मिळते. माणसाला वाटते, गुण आला. तो चार-सहा दिवसांनी मलम थांबवतो, खाज दुपटीने उसळते आणि तो पुन्हा तीच ट्यूब घ्यायला येतो. असे काही महिने गेले की गजकर्णाची ओळखीची गोल, उंच कडेची आकृती पुसट होते, एका चट्ट्यात दुसरी वर्तुळे उमटतात, आणि कधी कधी अनुभवी डॉक्टरांनाही ते इसब आहे की गजकर्ण, हे नुसत्या नजरेने ठरवता येत नाही. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते.

गेल्या वर्षी भाद्रपदात एक रिक्षाचालक तरुण माझ्याकडे आला. जांघेतला चट्टा कमरेपर्यंत चढला होता, पत्नीच्या पोटावर तसेच डाग उठले होते आणि तीन वर्षांच्या मुलीच्या गालावर रुपयाएवढे वर्तुळ दिसत होते. मी त्याला आत बोलावून चट्टा पाहिला. मांडीच्या आतल्या बाजूची त्वचा कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती आणि तिच्यावर बोटभर रुंदीचे जांभळट ओरखडे पडले होते, गरोदरपणानंतर बायकांच्या पोटावर दिसतात तसे. हे ओरखडे काळाने फिके होतात, पण पुसले जात नाहीत. त्याने वर्षभरात वापरलेल्या ट्यूबांपैकी तीन-चार माझ्याच दुकानातून गेल्या होत्या, आणि हे लिहिताना मला खेद होतो. त्याच दिवशी मी त्या तिघांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. घरातल्या सगळ्यांचे उपचार एकाच वेळी झाले, टॉवेल वेगळे केले, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवले. तरीही त्याला पूर्ण बरे व्हायला चार महिने लागले.

नुकसान एका घरापुरते राहिलेले नाही. भारत आणि नेपाळमधील रुग्णांच्या त्वचेवर सापडलेल्या बुरशीच्या एका प्रकाराला जपानी संशोधकांनी २०२० मध्ये 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नाव दिले. हिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिनसारखे भरवशाचे औषधही चालत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचे दोन रुग्ण आढळल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जाहीर केले, आणि तिच्या फैलावाशी बुरशीनाशक आणि स्टेरॉइड मलमांच्या बेसुमार व चुकीच्या वापराचा संबंध असल्याचेही सांगितले. आपल्या देशाचे नाव एका रोगजंतूला चिकटावे आणि त्यामागे आपल्या दुकानांतून चिठ्ठीविना गेलेल्या ट्यूबाही असाव्यात, ही गोष्ट मला फार लागते.

कायदा नाही असे नाही. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइडांच्या मलमांना असलेली सूट काढून घेऊन ती अनुसूची 'एच'खाली आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली आणि त्यांत अशी मलमेही होती. पण बंदी त्या त्या विशिष्ट मिश्रणावर असते. एक घटक बदलला की कागदोपत्री ते दुसरे औषध ठरते. चिठ्ठीचा नियम तर काउंटरवर रोज मोडतो. यात आम्हा विक्रेत्यांचा दोष मोठा आहे. मी चिठ्ठी मागितली तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते हे खरे आहे, परंतु ती सबब पुरेशी नाही.

सर्वच मिश्र मलमे वाईट, असे माझे म्हणणे नाही. खाजवून पाणी धरलेल्या इसबावर डॉक्टर काही दिवसांसाठी स्टेरॉइड आणि प्रतिजैविक एकत्र देतात, आणि त्याने चांगला गुण येतो. अमेरिकेत क्लोट्रिमाझोल आणि बेटामेथासोन यांचे मिश्रण मान्यताप्राप्त आहे. पण जांघेत दोन आठवडे आणि पायाला चार आठवडे, याहून अधिक ते लावू नये आणि सतरा वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे तिथे स्पष्ट बजावलेले आहे. आपल्याकडे बाळाच्या लंगोटाच्या जागी लाली आली की घरातली तीच मोठ्या माणसाची ट्यूब फासली जाते. बंद डायपरखाली बाळाची नाजूक त्वचा स्टेरॉइड कितीतरी जास्त शोषून घेते. आई दुकानात येऊन असे मलम मागते तेव्हा मी देत नाही. तिची नाराजी पत्करतो आणि बालरोगतज्ज्ञांकडे जाण्यास सांगतो. चेहऱ्यावर तर हे मलम कधीच लावू नये. गोरेपणासाठी ते लावणाऱ्या मुलींच्या गालांवर लालसर शिरा आणि पुरळ उठलेले मी पाहिले आहे.

साध्या, ताज्या गजकर्णाला बहुधा एकाच औषधाचे बुरशीनाशक मलम पुरते. ते चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावावे, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही सुमारे दोन आठवडे चालू ठेवावे. हे शेवटचे दोन आठवडे बहुतेक लोक गाळतात. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली मलमाची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चट्टे पसरलेले असतील, डोक्यात किंवा नखांत असतील, किंवा अनेक महिने स्टेरॉइड लावलेले असेल, तर डॉक्टरांकडेच जावे, आणि आजवर काय लावले ते न लपवता सांगावे. ज्या फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श नीट कळत नाही, त्यावर कोणतीही ट्यूब लावत बसू नये; तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, आणि उशीर झाला तर नसांचे नुकसान भरून निघत नाही.

डॉक्टरांना विनंती की, स्टेरॉइड असलेले मलम देताना चिठ्ठीवर दिवसांची संख्या आणि लावायची जागा लिहावी, म्हणजे तीच चिठ्ठी वर्षभर फिरत राहणार नाही. अन्न व औषध प्रशासनाने या मलमांच्या विक्रीची तपासणी पावसाळ्याच्या तोंडाशी करावी, आणि 'यात स्टेरॉइड आहे' एवढे तरी ट्यूबवर मोठ्या मराठी अक्षरांत छापले जावे यासाठी केंद्राकडे पाठपुरावा करावा. मी माझ्या काउंटरवर क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन, बेटामेथासोन, मोमेटासोन आणि फ्लुओसिनोलोन ही पाच नावे मराठीत आणि इंग्रजीत लिहून लावली आहेत. लोक ट्यूब त्या पाटीशेजारी धरून नाव जुळवून पाहतात. आपण ही नावे पुरवणीत एका चौकटीत छापलीत, तर वाचकांना घरातल्या कपाटातली ट्यूब आजच तपासता येईल.

आपला,
एक नोंदणीकृत औषध विक्रेता,
जि. रत्नागिरी