नोटीस दिली आहे, पण आधी सगळं वाचा

पर्वरी,
गुरुवार, रात्री

ती. बाबा आणि ती. सौ. आईस साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर सांगितलं असतं. पण बाबा ‘बरं, बरं’ म्हणून फोन आईकडे देतात आणि आई ‘जेवलास का’वर येते. म्हणून कागद घेतला. आई, चष्मा लाव आणि मोठ्याने वाच. मध्येच थांबून ताईला फोन लावू नकोस.

सोमवारी मी सर्व्हिस सेंटरमध्ये राजीनामा दिला. एक महिन्याची नोटीस आहे, ती भरून गणेश चवथीआधी मोकळा होईन. त्यानंतर म्हापशाला करासवाड्याच्या बाजूला गॅरेजवाल्या मेस्ताकडे, म्हणजे मिस्त्रीकडे, कामाला जातोय. बाबा, तोच मेस्त, ज्याने आपल्या ट्रकचा गिअरबॉक्स उतरवला होता आणि मला नट राखायला बसवलं होतं. आता सत्तरीला आलाय. मुलगे पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडला गेले, ते काही परतून स्पॅनर हातात धरायचे नाहीत. मला म्हणाला, थोडी वर्षं माझ्याबरोबर काढ, मग शेड तूच चालव.

बाबा, आता तुम्ही काही न बोलता बाहेर जाऊन उभे राहिला असाल. या, आत बसा. मी कर्ज काढलेलं नाही. शेड त्याची, लिफ्ट त्याची, हत्यारं माझी, आणि तीही माझ्या पगारातून घेतलेली. कुठल्याही बँकेच्या कागदावर माझी सही नाही आणि तुमची तर नाहीच नाही. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा मी आयटीआयमधून नुकता बाहेर पडलो होतो, आणि २०१८ च्या मार्चमध्ये त्या पुन्हा बंद पडल्यावर आपला ट्रक हप्त्यांपायी फणसाखालून कसा गेला तेही पाहिलंय. ते पाहिलेला माणूस हप्त्याच्या वाटेला जायचा नाही.

पीएफचं आधी सांगतो, कारण तुम्ही तेच विचारणार. मेस्ताकडे पीएफ नाही, इतक्या लहान गॅरेजला तो लागू होत नाही. पण आधीचा पैसा मी काढत नाही, तो खात्यात राहील आणि त्याला व्याज लागत राहील. पेन्शनला दहा वर्षांच्या नोकरीची अट असते, ती मागच्या चवथीला पुरी झाली. खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच थांबलो होतो, नाहीतर आधीच निघालो असतो. ग्रॅच्युइटीही मिळेल, वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराच्या हिशेबाने. ती तशीच्या तशी आईच्या नावावर ठेवायची. सुरुवातीला महिन्याला हातात थोडं कमी येईल, पण म्हापशाच्या खोलीचं भाडं पर्वरीपेक्षा कमी आहे आणि उड्डाणपुलाच्या कामापायी रोज जो जीव जातो तोही वाचेल. शिवाय अस्नोड्यावरून डिचोली जवळ. दर रविवारी येऊ शकेन.

तरी का सोडतोस, असं म्हणाल. बाबा, तुम्ही मला शिकवलं होतं ना, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची आणि ऐकायचं. टॅपेट वाजतो की बेअरिंग, ते कानालाच कळतं. सर्व्हिस सेंटरमध्ये हल्ली कोणी ऐकत नाही. गेल्या पावसात एक निवृत्त मास्तर जुनी गाडी घेऊन आले. बॉनेट उघडल्यावर किर्रऽ आवाज. मी कान लावला, बॅटरी चार्ज करणाऱ्या ऑल्टरनेटरचं बेअरिंग होतं. बाहेर दोन बेअरिंगं बदलून काम काही शेकड्यांत होतं. पण जॉब कार्डावर पूर्ण ऑल्टरनेटर लिहायचा, वर इंजिन फ्लश आणि एसीची फवारणी गळ्यात मारायची, कारण महिन्याचं टार्गेट. मास्तरांनी माझ्याकडे बघून विचारलं, खरंच लागतं का हे सगळं? आणि उत्तर द्यायला अ‍ॅडव्हायझर पुढे झाला. चोरी नाही म्हणता येणार, कागदावर सगळं नियमाप्रमाणे असतं. पण मला ते गिळवेना.

आणि ‘आता बॅटरीच्या गाड्या आल्या, गॅरेजं बंद पडणार’ हे जे काका देवळाच्या पायरीवर बसून सांगतात, त्याचं टेन्शन घेऊ नका. बॅटरीच्या गाडीला क्लच नाही, इंजिन ऑइल नाही, खरं आहे. पण बुश, लोअर आर्म, व्हील बेअरिंग, एसी, ब्रेक हे सगळं आहेच. गाडी जड असते, त्यामुळे टायर लवकर झिजतात. कंपनीने मला नारिंगी केबलींचं, हाय व्होल्टेजचं ट्रेनिंग दिलंय. मेस्ताला ते येत नाही आणि मला त्याचा गिअरबॉक्स अजून नीट येत नाही. म्हणून जोडी जमेल.

आई, जेवणाची काळजी करू नको. मेस्ताचं घर गॅरेजच्या मागेच, दुपारचं शीत-कडी तिथूनच येते. त्याच्या बायकोने स्वतःहून विचारलं, तुमचा श्रावण कधी लागतो? मी म्हटलं, आता लागेल. ‘मग तुझ्यासाठी शिवराक वेगळं,’ म्हणाली, म्हणजे शाकाहारी. तू माझे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायचीस, खाणीच्या तांबड्या मातीच्या बाबांच्या कपड्यांबरोबर माझा शाळेचा पांढरा शर्ट जाऊ नये म्हणून. आता माझेच कपडे काळे असतात, आणि बादली एकच आहे. पण साबण लावतो, शपथ.

मुलीकडचे ‘कंपनीत आहे’ ऐकलं की खूश होतात, हे मला कळतं. गॅरेज म्हटल्यावर एखाद-दुसरा पाय मागे घेईल. घेऊ दे. मला कंपनीत लावायला बाबांनी ज्यांच्या पायऱ्या झिजवल्या त्यांना मी स्वतः जाऊन सांगेन, तुम्हाला मान खाली घालायला लागणार नाही.

आता कामाचं. कंपनीचा मेडिक्लेम माझ्या शेवटच्या दिवशी संपतो, म्हणून सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेचं कार्ड कपाटातून काढून मुदत बघा. संपत आली असेल तर मी रविवारी येईन तेव्हा नूतनीकरणाचं करून टाकू. तिघं एकाच कार्डावर आहोत, वर्षाला अडीच लाखांपर्यंत उपचार होतात, आणि बांबोळीला गोमेकॉचं सरकारी हॉस्पिटल आहेच. बाबा, गुडघ्यासाठी शेजाऱ्याने दिलेल्या गोळ्या बंद. प्रेशरच्या गोळीबरोबर त्या चालत नाहीत, डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलंय. आई, साखर तपासायला उपाशी जायचं असतं, चहा पिऊनही नाही, बिनसाखरेचाही नाही. गणपतीच्या वर फळं-पानं बांधतो त्या माटोळीसाठी बाबांनी यंदा शिडीवर चढायचं नाही, मी दोन दिवस आधी येतोय.

रागावला असाल तर रागवा, पण फोन उचला.

तुमचा,
बाबू

ता. क. स्कूटर पावसात बाहेर उभी असते, मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटले असणार. मी येऊन ड्रम उघडेपर्यंत तिला बाजारात न्यायची नाही. कदंबच्या बसने जा.