हिमस्खलनाच्या बातमीचा मथळा दिशाभूल करणारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बर्फाच्या थरांचे गणित मांडून हिमस्खलनाचा अंदाज सुधारू पाहणाऱ्या शास्त्रज्ञांची बातमी कालच्या अंकात शेवटच्या पानावर वाचली. सोलापूरच्या दैनिकात हा विषय आला याबद्दल आपले आभारच मानते. पण ‘आता हिमस्खलन कधी होणार, संगणकच सांगणार!’ हा मथळा कोणी दिला? खालच्या मजकुरात तसे एक वाक्यही नाही. शास्त्रज्ञांनी असा दावा केलेला नाही आणि या कामातला कोणीही जबाबदार माणूस तो करणार नाही. मथळा देणाऱ्याने बातमी शेवटपर्यंत वाचली असती तर हे पत्र लिहावे लागले नसते.

मला हे इतके का लागले, ते सांगते. माझा धाकटा भाऊ सैन्यात होता. काश्मीरमध्ये गुरेझच्या बाजूला एका उंच पोस्टवर त्याने हिवाळे काढले आहेत. तिथे त्याच्याकडे एक काम होते, त्याबद्दल तो घरी फारसे बोलत नसे. सकाळ-संध्याकाळ बाहेर जाऊन रोवलेल्या काठीवर बर्फाची उंची वाचायची, तापमान, वारा, ढग बघायचे, वहीत लिहायचे आणि वायरलेसवर खाली कळवायचे. अधूनमधून बर्फात उभा खड्डा घेऊन एकेक थर हाताने तपासायचा. बोटे सुन्न व्हायची, पण आकडा चुकवून चालत नसे. असे आकडे अनेक पोस्टवरून खाली जायचे आणि मग धोक्याची पातळी परत वर कळवली जायची.

एका फेब्रुवारीत त्यांच्याकडे सलग बर्फ पडत होता. त्याच पोस्टवरच्या एका जवानाची रजा मंजूर झाली होती. बहिणीचे लग्न होते. मुलगा मोहोळ तालुक्यातला, आमच्या लांबच्या नात्यातलाच. बर्फ थांबला, लख्ख ऊन पडले, तो सामान बांधून तयार. पण त्या दिवशी सकाळी काठीपर्यंत जाताना माझ्या भावाला पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला आणि आसपासचा बर्फ किंचित खचला. आतला कच्चा थर दबला की असा आवाज येतो. त्याने ते कळवले, खालूनही हालचाल बंद ठेवण्याचा आदेश आला आणि जवानाला थांबावे लागले. नाल्याच्या कडेने जाणारी वाट बंद राहिली. लग्न भावाविना लागले.

आणि त्या वाटेवरच्या उताराचा बर्फ कोसळलाच नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

पुढे काय झाले असेल, आपण कल्पना करू शकता. ‘काही झाले नाही ना? मग उगाच अडवला पोराला!’ हे वाक्य आम्ही आजही लग्नकार्यात ऐकतो. माझ्या भावाला तोंडावर भित्रा म्हटले गेले. त्याने कधी उत्तर दिले नाही. म्हणून मी देते. त्या दिवशी त्या उतारावर धोका होता. तो प्रत्यक्षात कोसळला नाही म्हणून धोका नव्हता असे होत नाही. ज्याच्या शब्दावर माणसे थांबतात त्याने हेच सांगायचे असते, आणि त्याला हेच ऐकून घ्यावे लागते.

आता आपल्या मथळ्याकडे पुन्हा बघा. संगणक ‘कधी’ ते सांगणार, असे छापल्यावर वाचक काय अपेक्षा करील? मंगळवारी दुपारी तीन वाजता अमुक डोंगर. आणि तीन वाजता काही झाले नाही की गणित खोटे, शास्त्रज्ञ खोटे.

प्रत्यक्षात हे गणित वेगळेच काही करते, आणि ते आपल्या बातमीत नीट यायला हवे होते. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फाचा थर पातळ असतो. जमिनीलगत तो शून्याच्या आसपास असतो आणि वरची हवा उणे पंधरा-वीस. एका मीटरमागे दहा अंशांहून जास्त फरक पडू लागला की आतली वाफ वर सरकते आणि खालचे कण साखरेसारखे सुटे, टोकदार होतात, एकमेकांना धरून राहत नाहीत. त्यावर नवा बर्फ पडतो, वारा तो दाबून घट्ट करतो. साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर असा घट्ट थर कच्च्या थरावर बसला की माणसाचे वजनसुद्धा तो खाली घसरवायला पुरते. स्वित्झर्लंडमधील दावोस इथल्या संस्थेचे ‘स्नोपॅक’ आणि फ्रान्सच्या हवामान खात्याचे ‘क्रोकस’ ही संगणकी प्रारूपे तापमान, वारा, ऊन, आर्द्रता यांवरून हे थर पृष्ठभागाखाली कसे बदलत असतील ते मांडतात. जिथे कोणी खड्डा घेऊ शकत नाही, तिथला थर त्यामुळे अंदाजाने दिसतो. तरीही दावोसमध्ये धोक्याची पातळी शेवटी माणसेच ठरवतात, आणि डोंगरावरच्या निरीक्षकांचे निरोप त्यांना आजही लागतात. आपल्या बातमीत या निरीक्षकांचा उल्लेखही नाही. माझ्या भावासारख्यांनी वहीत भरलेले आकडे नसतील तर संगणकाचे गणित बरोबर आले की चुकले, हे पडताळायचे कशावरून?

युरोपात धोक्याच्या पाच पातळ्या आहेत. सर्वाधिक बळी पाचव्या पातळीच्या दिवशी जात नाहीत. त्या दिवशी लोक घरीच असतात. ते जातात तिसऱ्या पातळीच्या दिवशी, कारण ऊन पडलेले असते आणि ‘एवढे काही नाही’ असे वाटते.

आपल्या देशात हिमस्खलनाच्या अभ्यासाचे आणि अंदाजाचे हे काम १९६९ पासून मनालीची ‘सासे’ ही संस्था करत होती. आता ती डीआरडीओच्या, म्हणजे संरक्षण संशोधन संघटनेच्या, चंडीगड येथील डीजीआरई या संस्थेत विलीन झाली आहे. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळ माणा येथे सीमा रस्ते संघटनेच्या कामावरचे ५४ मजूर बर्फाखाली अडकले, त्यांतले आठ गेले. चमोलीसह त्या भागातील जिल्ह्यांसाठी २४ तासांचा इशारा याच संस्थेने आदल्या संध्याकाळी दिला होता. इशारा होता आणि मजूर कंटेनरमध्ये झोपलेले होते. संगणक नव्हता म्हणून ते गेले नाहीत. यावर आपण चार ओळी लिहिल्या असत्या तर बातमीचे सोने झाले असते.

या निमित्ताने आणखी एक गोष्ट बोलतेच, बरेच दिवस मनात आहे. दर जूनमध्ये आपल्या पहिल्या पानावर ‘हवामान खात्याचा अंदाज पुन्हा हुकला’ असा मथळा असतो. कोरड्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची तगमग मला कळते, माझे माहेर बार्शीकडचे आहे. पण वर्षानुवर्षे हेच छापून आपण लोकांना इशाऱ्याकडे दुर्लक्ष करायला शिकवतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा माढा-मोहोळकडच्या आमच्या नातेवाइकांच्या फोनवर इशाऱ्याचे संदेश आलेले होते. ‘नेहमीचेच आहेत’ म्हणून कोणी उघडले नाहीत. गोठ्यातली जनावरे सोडायलाही वेळ मिळाला नाही. गुरेझच्या उतारावरचा धोका आणि सीनेच्या काठावरचा धोका, दोन्हींत शक्यताच सांगितलेली असते आणि दोन्हीकडे हसणारे लोक एकाच प्रकारचे असतात. त्यांना खतपाणी वर्तमानपत्राने घालू नये.

बातमीसोबतचा फोटोही मला पटला नाही. रंगीत कपड्यांतले परदेशी पर्यटक बर्फावर घसरताहेत. सोलापूर जिल्ह्यातली किती मुले आज उत्तरेच्या सीमेवर बर्फात उभी आहेत, हे आपल्या कार्यालयाला मी सांगायला नको. त्यांच्या आया हेच पान वाचतात.

माझी मागणी साधी आहे. उद्याच्या अंकात मथळा चुकीचा होता एवढे दोन ओळींत छापा. आणि नोव्हेंबर ते एप्रिल या काळात जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंडसाठीचा हिमस्खलनाचा इशारा हवामानाच्या चौकटीत रोज द्या. नाताळच्या सुट्टीत इथले कितीतरी तरुण ग्रुप करून उत्तराखंडात बर्फातल्या ट्रेकला जातात. कुठे जायचे ते मोबाइलवरच्या व्हिडिओवरून ठरते. इशारा बघणारे त्यांत कोणी मला भेटलेले नाही. चौकटीत आणखी तीन ओळी बसतील, रोजचे भविष्य बसते तशा.

आपली नियमित वाचक,
जुळे सोलापूर